वेट्सलारचा कर्ता पुरुष

घराचा कर्ता पुरुष कोण, हे सात-बाराच्या उताऱ्यावरून किंवा घरपट्टीच्या पावतीवरून ठरत नाही. वडीलपण वयाने येते, मालकी वारसाने येते; कर्तेपण मात्र प्रसंगाने सिद्ध व्हावे लागते. आणि तो प्रसंग बहुधा एकाच प्रश्नाचे रूप घेऊन येतो : आपली माणसे कोणती आणि परकी कोणती, ही रेघ कोठे ओढावयाची? सुखाच्या दिवसांत ही रेघ पुसट असते. पंगतीत चार पाने अधिक मांडावयास कोणाची ना नसते. संकट आले म्हणजे ती ठळक होते, आणि ती ओढण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो त्याची खरी किंमत त्या दिवशी कळते.

गेल्या दिवाळीत आमच्या असोद्याच्या घरात असाच एक प्रश्न उपस्थित झाला. तो लहान होता, घरगुती होता. त्याविषयी शेवटी दोन शब्द लिहीन. परंतु योगायोग असा की, त्याच आठवड्यात एका जर्मन कारखानदाराचे चरित्र माझ्या वाचनात आले, आणि आमच्या घरातला लहान प्रश्न मला त्या मोठ्या आरशात पाहावयास मिळाला. त्या गृहस्थाची ओळख वाचकांस करून द्यावी एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्याचे नाव एर्न्स्ट लाइट्स. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शक यंत्रे आणि छायाचित्रणाची यंत्रे बनविणाऱ्या एका घरंदाज कारखान्याचा तो दुसऱ्या पिढीचा धनी.

या नावाशी माझी पहिली भेट शाळेत झाली. मी संस्कृतचा शिक्षक. प्रयोगशाळेशी माझा संबंध तास बदलताना तिच्या दारावरून जाण्यापुरताच. तथापि आमच्या शाळेत एक जुने पितळी सूक्ष्मदर्शक यंत्र होते. एका वृद्ध डॉक्टरांनी आपला व्यवसाय बंद करताना ते शाळेस देऊन टाकले होते. एके दिवशी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे त्यांच्या वर्गावर मला जावे लागले. मुलांनी कांद्याचा पापुद्रा काचेवर ठेवला आणि मोठ्या कौतुकाने मला त्या नळीत डोळा लावावयास सांगितले. पाहतो तो विटांनी बांधलेल्या भिंतीसारखी पेशींची रचना! रोज आपण जे चिरून फोडणीला टाकतो त्यात इतके शिल्प असावे, याचे मला आश्चर्य वाटले. यंत्रावर दोन नावे कोरलेली होती : लाइट्स, वेट्सलार. पहिले नाव मला अपरिचित होते. दुसरे मात्र ओळखीचे होते.

कालिदासाच्या शाकुंतलाचा जर्मन अनुवाद १७९१ साली प्रसिद्ध झाला आणि तो वाचून महाकवी गटे याने शकुंतलेचा मुक्तकंठाने गौरव केला, ही गोष्ट संस्कृतच्या प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. हाच गटे ऐन तारुण्यात, १७७२ साली, वकिलीच्या उमेदवारीसाठी वेट्सलार येथील साम्राज्याच्या न्यायालयात काही महिने होता. तेथील एका निराश प्रेमातून त्याची पहिली गाजलेली कादंबरी जन्मास आली. लान नदीच्या काठी वसलेले ते टुमदार गाव मी काव्याचे गाव म्हणून ओळखत होतो. ते काचेचेही गाव आहे, हे मला त्या पितळी नळीने सांगितले.

वेट्सलारात १८४९ साली कार्ल केल्नर नावाच्या एका तेवीस वर्षांच्या तरुणाने भिंगे घासण्याची एक छोटी कार्यशाळा काढली. त्याची बुद्धी कुशाग्र होती, परंतु आयुष्य तोकडे ठरले. १८५५ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी क्षयाने त्याचा अंत झाला. त्याचा वारसा बेल्टले नावाच्या कारागिराकडे गेला. त्याच्या हाताखाली १८६४ साली बाडेन प्रांतातून आलेला एक यंत्रकुशल तरुण कामास लागला. हाच पहिला एर्न्स्ट लाइट्स. त्याचा जन्म १८४३ चा. त्याचे वडील शाळामास्तर होते, हे नमूद करताना मला जो आनंद होतो तो समव्यवसायी वाचक समजून घेतील. बेल्टलेच्या निधनानंतर १८६९ साली सर्व कारभार या तरुणाच्या हाती आला आणि पाटीवर त्याचे नाव लागले.

पुढील चाळीस वर्षांत त्या कार्यशाळेचा मोठा कारखाना झाला. रोगजंतूंच्या शोधाचे ते युग होते, आणि जंतू पाहावयास भिंग लागे. रॉबर्ट कॉख या विख्यात जंतुशास्त्रज्ञास १९०७ साली लाइट्स कारखान्याने आपले एक लाखावे सूक्ष्मदर्शक यंत्र अर्पण केले. हा कॉख आपल्याकडे अगदीच परका नव्हे. मुंबईत प्लेगाने हाहाकार उडविला तेव्हा १८९७ साली जर्मन सरकारच्या प्लेग मंडळाचा प्रमुख म्हणून तो मुंबईस येऊन गेला होता. आमच्या आजीच्या तोंडी ‘प्लेगाच्या साली’ हा शब्दप्रयोग कालगणनेसारखा येत असे. त्या सालाशी वेट्सलारच्या भिंगांचे असे दूरचे नाते आहे.

थोरल्या लाइट्साच्या कारभारात एक गोष्ट विशेष होती. कामगार म्हणजे रोजंदारीवर आणलेले हात, अशी त्याची समजूत नव्हती. दिवसाचे काम आठच तासांचे असावे, हा नियम त्या कारखान्यात १९०६ साली लागू झाला. जर्मनीच्या कायद्याने तो देशभर लागू केला १९१८ मध्ये. म्हणजे कायद्याच्या आधी बारा वर्षे. बाप आणि मुलगा आपल्या कामगारांना नावाने ओळखत. घराण्याची ही शिदोरी पुढील पिढीस कशी उपयोगी पडली ते आता पाहू.

आपल्या चरित्राचा नायक, दुसरा एर्न्स्ट लाइट्स, याचा जन्म १ मार्च १८७१ रोजी वेट्सलारलाच झाला. १९०६ साली तो वडिलांचा भागीदार झाला आणि १९२० साली वडील निवर्तल्यावर कारखान्याची सर्व धुरा त्याच्यावर आली. वेळ मोठी कठीण होती. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा पराभव झालेला. त्यातच १९२३ साली चलनाचा असा काही घात झाला की, पगार हाती पडताच लोक टोपल्या घेऊन बाजारात धावत, कारण संध्याकाळपर्यंत त्याच नोटांस पावही येईल की नाही याचा भरवसा नसे. सूक्ष्मदर्शकांची मागणी मंदावली. हजाराहून अधिक कुटुंबांचा पोशिंदा असलेल्या त्या कारखान्यासमोर, माणसे काढावयाची की नवे काम शोधावयाचे, असा प्रश्न उभा राहिला.

नवे काम कारखान्याच्या कपाटातच होते. ऑस्कर बार्नाक नावाचा एक यंत्रविशारद १९११ साली येना येथील त्साइस कारखान्यातून लाइट्सकडे आला होता. त्याला दम्याचा विकार होता आणि छायाचित्रणाचा छंद. त्या काळचे छायाचित्रण म्हणजे लाकडी पेटी, जड काचपट्ट्या आणि तिपाई, असा संसार पाठीवर घेऊन डोंगर चढणे. दमेकऱ्यास हे कसे झेपावे? तेव्हा बार्नाकने चलच्चित्रांसाठी वापरली जाणारी अरुंद फीत घेतली, तिच्यावरील दोन चौकटींच्या जागेत एक चित्र बसेल अशी योजना केली, आणि २४ बाय ३६ मिलिमीटर आकाराचे चिमुकले चित्र टिपणारी, मुठीत मावणारी एक डबी तयार केली. मूळ चित्र लहान घ्यावे आणि मागाहून ते मोठे करावे, हे तिचे तत्त्व. हे १९१४ च्या सुमाराचे. धन्याने त्याला ‘नेमून दिलेले काम सोडून हे काय?’ असे विचारले नाही. उलट, त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या प्रवासास निघताना ते यंत्र आपल्याबरोबर नेऊन स्वतः छायाचित्रे काढून पाहिली. महायुद्धामुळे मात्र सर्व जागच्या जागी राहिले.

१९२३ साली या यंत्राचे सुमारे तीस नमुने बनवून जाणकारांकडे पाठविण्यात आले. अभिप्राय दोन्ही बाजूंनी आले. ‘हे खेळणे आहे, असल्या चिमुकल्या चित्रांस कोण विचारतो?’ असे म्हणणारे कमी नव्हते. १९२४ च्या जून महिन्यात कारखान्यातील प्रमुख मंडळींची बैठक भरली. पैशाची चणचण, बाजाराची अनिश्चिती, नवी यंत्रसामग्री घेण्याचा खर्च, असे सर्व आक्षेप पुढे आले. लाइट्साने सर्वांचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी आपला निर्णय सांगितला : बार्नाकचे यंत्र करावयाचे, धोका असला तर तो पत्करावयाचा. माक्स बेरेक या शास्त्रज्ञाने त्यासाठी भिंग रचले. १९२५ च्या वसंतात लाइप्त्सिकच्या जत्रेत ते विक्रीस ठेवण्यात आले. ‘लाइट्स’ आणि ‘कॅमेरा’ या दोन शब्दांच्या पहिल्या अक्षरांची संधी करून त्याचे नाव ठेवले ‘लायका’.

दहा वर्षांच्या आत लाखाहून अधिक लायका विकले गेले. छायाचित्रकार आता तिपाईचा दास राहिला नाही. तो रस्त्यात, गर्दीत, मैदानात शिरू लागला. वृत्तपत्रांतील चित्रांस जिवंतपणा आला. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ याने ३० जानेवारी १९४८ रोजी, अखेरच्या काही तास आधी, महात्मा गांधींची भेट घेतली आणि नंतर त्यांच्या अंत्ययात्रेची जी छायाचित्रे जगभर गेली ती टिपली. त्याच्या हाती हेच यंत्र होते. एका दमेकरी कारागिराची अडचण आणि एका धन्याचे धाडस यांच्या योगाने जगाचा एक डोळा उघडला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

एवढ्यावर हे चरित्र संपले असते तरी ते उद्योगशील तरुणांस वाचनीय झाले असते. आपल्याकडे किर्लोस्करवाडीच्या आणि ओगलेवाडीच्या कर्त्या घराण्यांच्या कथा आपण याच आदराने वाचतो. परंतु खरी कसोटी पुढेच होती.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलरच्या हाती जर्मनीची सत्ता आली. लाइट्स हा विचाराने लोकशाहीवादी; जर्मन लोकशाही पक्षाचा तो उघड पुरस्कर्ता होता. नव्या राज्यकर्त्यांविषयी त्याच्या मनात तिटकारा होता. आणि त्या राज्यकर्त्यांनी पहिला घाला घातला तो ज्यू समाजावर. ज्यू लोक आपणांस नवखे नाहीत. आपल्या कोकणपट्टीत शेकडो वर्षे नांदलेले, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांना येथे कधी कोणी छळले नाही. ज्या प्लेगाचा उल्लेख मी वर केला, त्यावरील लस मुंबईत तयार करून १८९७ च्या जानेवारीत प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेणारा डॉक्टर हाफकिन हाही ज्यूच. अशा समाजातील माणसांच्या नोकऱ्या, दुकाने, शाळा आणि शेवटी नागरिकत्वही जर्मनीत एकामागून एक हिरावून घेण्यात आले. १९३५ च्या कायद्यांनी तर त्यांना आपल्याच देशात उपरे ठरविले.

अशा वेळी वेट्सलारातील ज्यू गृहस्थ लाइट्साच्या दारी येऊ लागले. ‘आमच्या मुलास शाळेत बसू देत नाहीत, त्याचे पुढे कसे होणार?’ लाइट्साने त्या मुलांस उमेदवार म्हणून कारखान्यात घेतले. यंत्र जोडणे, दुरुस्त करणे, विकणे असा हुन्नर त्यांना शिकविला. पुढे त्यांची आणि आपल्या इतर ज्यू नोकरांची ‘बदली’ परदेशच्या शाखांत होऊ लागली. कागदोपत्री ती व्यापारी नेमणूक होती. वस्तुतः ती सुटका होती. बहुतेक जण न्यूयॉर्कच्या शाखेकडे जात. तेथे त्यांच्या राहण्याची सोय होई, काम मिळेपर्यंत थोडाफार खर्च दिला जाई, आणि छायाचित्रणाच्या धंद्यात कोठे तरी जागा लावून दिली जाई. कित्येकांच्या गळ्यात नवा कोरा लायका असे. परदेशी जाणाऱ्यास फारसे धन नेण्याची बंदी होती. तेव्हा तो कॅमेरा म्हणजे हुन्नराचे साधनही होते आणि वेळ पडल्यास मोडता येईल असा दागिनाही. आपल्याकडे लेकीला सासरी पाठविताना अंगावर एखादा डाग घालतात, तद्वतच हे होते.

१९३८ च्या ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थाने जाळण्यात आली आणि दुकाने फोडण्यात आली. त्यानंतर हे काम अधिक निकडीने चालले. १ सप्टेंबर १९३९ रोजी महायुद्ध पेटले आणि सरहद्दी बंद झाल्या, तेव्हाच ते थांबले.

आता कोणी विचारील, सरकारास हे दिसत नव्हते काय? काही अंशी दिसतही असेल. परंतु लायकाची मोठी विक्री अमेरिकेत होई आणि परकीय चलनाची त्या सरकारास अत्यंत गरज होती. शिवाय सैन्यास लागणारी नेत्रयंत्रे याच कारखान्यातून येत. या गरजेच्या आडोशाने लाइट्साने आपला मार्ग काढला. तथापि तो आडोसा अभेद्य नव्हता. त्याचा विक्रीप्रमुख आल्फ्रेड ट्यूर्क याला ज्यूंना साह्य केल्याच्या आरोपावरून तुरुंगात टाकण्यात आले आणि पुष्कळ पैसा खर्च केल्यावरच तो सुटला.

पुढची पाळी घरच्या लेकीची होती. लाइट्साची कन्या एल्झी ही १९०३ साली जन्मलेली, कायद्याची पंडिता. एका ज्यू स्त्रीस स्वित्झर्लंडच्या सरहद्दीपलीकडे निसटून जाण्यास तिने मदत केली. ती स्त्री सरहद्दीवर पकडली गेली आणि १९४३ च्या सप्टेंबरात गुप्त पोलिसांनी एल्झीस अटक केली. फ्रँकफुर्टच्या तुरुंगात तिला कित्येक आठवडे काढावे लागले. कारखान्यात जबरदस्तीने कामास आणलेल्या युक्रेनी स्त्रियांच्या खाण्यापिण्याची व राहण्याची व्यवस्था सुधारावी म्हणून ती झटत होती, हाही तिच्याविरुद्ध संशयाचा एक मुद्दा होता. बहात्तर वर्षांच्या बापाने पैसा, ओळख, प्रतिष्ठा, जे जवळ होते ते सर्व पणास लावून तिला सोडवून आणले.

येथे मला शिबिराजाची कथा आठवते. ससाण्याने पाठलाग केलेले कबूतर त्याच्या मांडीवर येऊन बसले. ते परत द्यावे, नाहीतर त्याच्या भाराइतके स्वतःचे मांस द्यावे, अशी ससाण्याची मागणी. राजा मांस कापून तराजूत घालीत गेला, पण कबुतराचे पारडे जडच राहिले. शेवटी तो स्वतःच पारड्यात बसला. शरणागताचे रक्षण करावयाचे म्हणजे तराजूत काय काय घालावे लागेल याचा अंदाज आधी करता येत नाही, हे या कथेचे मर्म आहे. लाइट्साच्या तराजूत प्रथम थोडा पैसा पडला, मग विश्वासू सहकारी पडला, आणि शेवटी पोटची मुलगी.

परंतु चरित्र लिहावयाचे तर ते खरे लिहिले पाहिजे. एरवी ते स्तोत्र होते. लाइट्स शिबी नव्हता. त्याचा कारखाना महायुद्धात जर्मन सैन्यासाठी काम करीत होता, हे वर आलेच. त्या युक्रेनी स्त्रिया तेथे आपल्या खुशीने आलेल्या नव्हत्या; एल्झीने त्यांचे हाल कमी करण्याची धडपड केली, तरी त्यांच्या घामावर त्या कारखान्याची चाके फिरली. युद्धकाळात लाइट्सास, कारखाना हातचा जाऊ नये म्हणून, ज्या पक्षाचा तो तिटकारा करी त्याच पक्षाचे सभासदत्वही पत्करावे लागले. हे डाग आहेत आणि ते झाकण्याचे कारण नाही.

महाभारताच्या सभापर्वात असाच पेच आहे. दुर्योधनाच्या सभेत भीष्म होते आणि विदुरही होता. दोघेही त्याच राज्याचे अन्न खात होते. द्रौपदीची विटंबना होताना भीष्मांनी धर्माची गती सूक्ष्म असल्याचे सांगितले आणि ते स्वस्थ राहिले. विदुराने सभा सोडली नाही, पण तो गप्पही राहिला नाही. आणि त्याआधी लाक्षागृहातून पांडवांना वाचविणारे भुयार त्याच्याच माणसाने खणले होते. जुलमी सभेत बसावे लागलेल्या माणसांत भीष्म कोण आणि विदुर कोण, हे त्यांच्या आसनावरून ओळखू येत नाही. भुयार कोणी खणले, यावरून ओळखू येते. लाइट्स सभेत बसला होता, आणि तो भुयारही खणीत होता. त्याच्या डागांसह त्याची गणना मी विदुराच्या पंक्तीत करतो. वाचकांचे मत भिन्न असू शकेल.

लाइट्स १५ जून १९५६ रोजी निवर्तला. त्याचे मुलगे कारखाना पाहू लागले. पुढे काळाच्या ओघात मालकी घराण्याकडून इतरांकडे गेली. कॅमेऱ्याचा कारखाना १९८८ साली शेजारच्या झोल्म्स गावी हलला आणि २०१४ साली पुन्हा वेट्सलारास परतला. घराण्याच्या हातून संपत्ती गेली, पण एक गोष्ट घराण्याने फार काळ जपून ठेवली होती, ती म्हणजे मौन. आपण इतक्या जणांस वाचविले, असा शब्द बापाने काढला नाही. युद्धानंतर एका अमेरिकन लेखकाने धाकटा मुलगा ग्यून्टर याच्याकडे ही हकीकत छापण्याची परवानगी मागितली; त्याने आपल्या हयातीत ती छापू दिली नाही. कोणताही सभ्य मनुष्य त्या जागी जे करता तेच वडिलांनी केले, अशी त्याची भावना होती. घरची मंडळी मागे पडल्यावर, फ्रँक डाबा स्मिथ या लंडनच्या ज्यू धर्मगुरूने जुनी पत्रे शोधली, वाचलेल्या माणसांचा माग काढला आणि ही कथा जगापुढे मांडली. २००७ साली अमेरिकेतील अँटी-डिफेमेशन लीग या ज्यू संस्थेने लाइट्सचा मरणोत्तर सन्मान केला. तो स्वीकारावयास एल्झीची मुलगी गेली होती.

आम्हा असोदेकरांस अशा मौनाचे मोल कळावयास हवे. याच गावात १८८० साली बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. त्या माउलीने जात्यावर, शेतात, चुलीपाशी गाणी रचली. पण ‘मी कवयित्री’ असे कधी म्हटले नाही. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तक निघाले, तेव्हा महाराष्ट्राने त्यांना ओळखले. काही चांगल्या गोष्टी अशाच असतात; करणारा गेल्यावर त्यांचा वास सुटतो.

आता आमच्या घराचा प्रश्न. दिवाळीस आम्हा चौघा भावांची कुटुंबे एकत्र जमली होती. जुन्या वाड्याच्या मागील दोन खणांत आमच्या एका जुन्या सालदाराची म्हातारी विधवा राहते. तिचे मूलबाळ कोणी उरले नाही. तरुण मंडळींचे म्हणणे असे की, मागची बाजू पाडून नवे बांधकाम करावे, आणि म्हातारीस काही रक्कम देऊन मोकळे करावे. म्हणणे वावगे नव्हते; कायद्याने तिचा काही हक्कही नाही. पुतण्या म्हणाला, “अण्णा, ती काही आपल्या घरची नाही. किती दिवस आपण हे ओझे वाहावयाचे?” मी काहीच बोललो नाही. त्या वेळी मी भीष्मच होतो.

रात्री म्हातारी पणती घेऊन अंगणात आली. सणाच्या दिवशी माझ्या पाया पडण्याचा तिचा परिपाठ. तिने सहज जुनी गोष्ट काढली. १९७२ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. शेतात दाणा पिकला नाही. गावोगाव सालदार कामावरून उठले आणि खडी फोडावयास गेले. आमचे काका, ज्यांना सर्वजण तात्या म्हणत, त्यांनी मात्र आपले तिन्ही सालदार वर्षभर ठेवले. हे मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे, की त्यांच्यासाठी लागलेली ज्वारी काकूंच्या हातातील पाटल्या मोडून आली होती. काकू पुढे जन्मभर काचेच्या बांगड्यांवर राहिल्या. आम्ही मुले समजत होतो की, त्यांना सोन्याची हौसच नाही. तात्या गेले, काकू गेल्या. दोघांच्याही तोंडून हे कधी निघाले नाही. त्या सालदाराच्या बायकोने पन्नास वर्षे ते मनात जपले आणि त्या रात्री पणतीच्या उजेडात मला सांगितले. माझी नात शेजारी उभी होती. तिने विचारले, “आजोबा, तात्या आजोबांनी कोणाला सांगितले कसे नाही?” मला उत्तर सुचले नाही.

हीच नात छायाचित्रण शिकते. दुसऱ्या दिवशी तिने मला लायकाची हकीकत सांगितली आणि लाइट्साचे चरित्र वाचावयास दिले. शाळेतल्या पितळी नळीवरील नाव आणि हे नाव एकच, हे ध्यानात येताच मी ते एका बैठकीत वाचून काढले. वाचताना वारंवार तात्यांचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता. कोठे वेट्सलार, कोठे असोदा. कोठे तो जगप्रसिद्ध कारखाना, कोठे आमची तीस बिघे कोरडवाहू जमीन! परंतु रेघ ओढण्याची वेळ दोघांवरही आली, आणि दोघांनीही ती आपल्या घराच्या भिंतीवर न ओढता पुष्कळ पलीकडे ओढली. तिची किंमत स्वतःच्या घरातून दिली, आणि पावती मागितली नाही.

एकत्र कुटुंबे आता थोडी उरली आहेत; जी आहेत त्यांतही जमाखर्च काटेकोर झाला आहे, आणि तो असावा. परंतु ज्या वहीत सर्व काही लिहिले जाते त्या वहीत एखादे पान कोरे सोडण्याची चाल आपल्या वडीलधाऱ्यांत होती. त्या पानावरचा खर्च कोणास सांगावयाचा नसतो. भिंगातून पाहिले म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यातही भिंत दिसते. तसे शांत नजरेने पाहिले, तर प्रत्येक जुन्या घराच्या पायात असे एखादे कोरे पान सापडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी सर्व मंडळींस ओटीवर बोलाविले आणि कर्ता या नात्याने माझे म्हणणे सांगितले. ते काय होते, हे येथे लिहिणे तात्यांना आवडले नसते.